साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी?

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दादांना तीन गोष्टी सांगितल्या आणि मी त्या वहीत लिहून घेतल्या. साखर ताब्यात ठेवायची. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला यायचं, चुकवायचं नाही. स्कूटर बंद.

तिसऱ्या गोष्टीवर दादांनी मान वर केली. "बंद म्हंजे कवापर्यंत?"

"बंद म्हणजे विकून टाका," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर दादांनी मला विचारलं, "बाय, तिसरा पन लिवलास?" मी वही दाखवली. "खोडून टाक," ते म्हणाले.

दादा नात्याने माझे कोणी नाहीत. अंबरनाथच्या एका कारखान्यात आम्ही वीसेक वर्षं एकत्र काढली. कारखाना पंपांचे कंट्रोल पॅनल बनवायचा. मी डिस्पॅचला होते. कुठला पॅनल, कोणत्या गावाला, सोबत किती नट, किती केबल, कुठलं प्रमाणपत्र, हे सगळं माझ्या यादीत असायचं आणि यादीवर टिक झाल्याशिवाय टेम्पो गेटबाहेर जायचा नाही. दादा आले ते वायरमन म्हणून. बदलापूरच्या कडेचं त्यांचं गाव, घरची भातशेती. पुढे शेतावर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, घर तेवढं मधोमध राहिलं. पॅनलमध्ये छोटे संगणक बसू लागले तेव्हा कारखान्यात ते कोणालाच येत नव्हतं. दादांनी जुनी पुस्तकं मिळवली आणि जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी ती उघडून प्रोग्राम लिहायला शिकले. आजही ते कीबोर्डवर दोनच बोटं वापरतात.

त्यांनी लिहिलेली मुख्य गोष्ट म्हणजे एक लायब्ररी. प्रोग्राम लिहिणारे लोक तयार कामाच्या अशा तुकड्याला लायब्ररी म्हणतात. एकाने एकदा लिहायचं, बाकीच्या प्रोग्रामांनी वापरायचं. दादांच्या लायब्ररीचं काम असं: गावाबाहेरच्या पंपघरातून टाकीची पातळी आणि मोटर चालू-बंद आहे ते मोबाइलच्या सिमवरून मुख्य ठिकाणी पोचवायचं. रेंज गेली तर आकडे जपून ठेवायचे, आली की क्रमाने पाठवायचे. तीन हाका मारून पलीकडून उत्तर आलं नाही, तर पंपघरातला बॅटरीवरचा भोंगा वाजवायचा आणि दादांच्या फोनवर संदेश टाकायचा. वाचायला सोपं वाटतं. पण डोंगराकडच्या गावात रेंज अशी येते-जाते की दुकानातून विकत आणलेले दोन मोठे प्रोग्राम तिथे हात टेकून परत आले होते. दादांचं टिकलं.

कारखाना बंद पडला तेव्हा दादांनी ती लायब्ररी इंटरनेटवर ठेवून दिली. वर एक ओळ लिहिली: कोणीही वापरा. बारा गावांची पंपघरं एका ठेकेदाराकडे गेली आणि देखभालीसाठी दादाच त्यांच्याबरोबर राहिले. अडचण एकच होती. पॅनलमधल्या संगणकांची प्रणाली नवी केली की लायब्ररी रुसायची. मग दादा स्कूटरवर लॅपटॉप बांधून बाराही ठिकाणी जायचे आणि हाताने ती पुन्हा बसवायचे. डोळे नीट होते तोवर त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांनी दोनदा स्कूटर पाडली. दुसऱ्या वेळी समोर म्हैस होती आणि ती त्यांना दिसली नव्हती.

दिवाळीनंतर मी ठेकेदाराच्या इंजिनिअरला गाठलं. मी आता तीन-चार छोट्या कारखान्यांची कागदपत्रं सांभाळते, त्यात त्याचंही ऑफिस येतं. त्याने सरळ सांगितलं. उन्हाळ्यात बाराही पॅनलवर नवी प्रणाली येणार. ती प्रणाली म्हणजे हजारो मोफत प्रोग्रामांचा एक संच, त्याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. जगभरातले स्वयंसेवक एकेक प्रोग्राम तपासून त्यात ठेवतात. संचात जे असेल ते पॅनलवर आपोआप येईल. जे नसेल ते दादांनी येऊन बसवायचं. आणि नव्या आवृत्तीची दारं मार्चच्या सुरुवातीला बंद होतात, मग दोन वर्षं त्यात नवीन काही घेत नाहीत.

"संचात जायचं तर काय करावं लागतं?" मी विचारलं.

"अर्ज करावा लागतो, मॅडम. पण ते लोक फार खुसपटं काढतात. कागद नीट लागतात सगळे."

मी वही उघडली. आयुष्यभर दुसरं काय केलं होतं मी?

मला प्रोग्राम लिहिता येत नाही. पण महिनाभर नियम वाचल्यावर लक्षात आलं की हे डिस्पॅचच आहे. खोक्यात काय आहे, बाहेर काय लिहिलंय, सोबत अजून काय लागेल, कोणी बनवलं, कोणाच्या परवानगीने बाहेर जातंय. लेबल आणि आतला माल जुळला पाहिजे. दादांना हे सगळं कटकट वाटत होतं. "बाय, चालतंय ना? मंग झाला." मी म्हणायचे, "चालतंय हे तुम्हाला माहीत आहे. गेटवरच्या माणसाला माहीत नाही."

आधी मी जाहीर नोंद केली की लायब्ररीचं पॅकेज, म्हणजे संचात ठेवायचं खोकं, आम्ही करतोय. मग आमच्या वतीने ते आत चढवील असा जुना स्वयंसेवक शोधायचा होता, कारण नवख्या माणसाला थेट आत सोडत नाहीत. सात जणांना लिहिलं. चौघांनी उत्तर दिलं नाही, दोघांना वेळ नव्हता, सातव्या एक परदेशातल्या बाई निघाल्या. त्यांची मेल आमच्या दुपारच्या जेवणाच्या सुमारास यायची, थोडक्यात आणि मुद्द्याची. मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या.

त्यांची पहिली मेल वाचून मात्र मी आधी दादांच्या फाइली उघडल्या. त्यांनी लिहिलं होतं: लायब्ररीच्या वर 'कोणीही वापरा' असं आहे. पण आतल्या एकूणएक फाइलच्या डोक्यावर कारखान्याचं नाव आणि 'सर्व हक्क राखीव' असं आहे. यातलं खरं कोणतं? हक्क कारखान्याचे असतील, तर मालकांची परवानगी हवी. नाहीतर हे आत जाऊ शकत नाही.

ते डोकं प्रत्येक फाइलला लावलं होतं मी. कारखान्याच्या प्रत्येक ड्रॉइंगवर ती ओळ असायची. एकदा यादी करताना मला दिसलं की दादांच्या फाइलींवर ती नाही. मी छापील यादी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि चाळीसच्या चाळीस फाइलींवर ती ओळ टाकून घेतली. टिक केल्या. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

दादांना सांगितलं तर ते हसत सुटले. "तूच कुलूप लावलास आनि तूच चावी शोध आता."

चावी उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये होती. आमचे शेठ तिथे दुकानांच्या वरच्या मजल्यावर राहतात. वय ऐंशीच्या पुढे. कारखाना बंद झाल्यावर आमच्यातलं कोणी त्यांच्याकडे गेलं नव्हतं. बंद होतानाचे दिवस चांगले नव्हते, दोन्ही बाजूंनी लागेल असं बोलून झालं होतं. मी दादांना घेऊन रिक्षाने गेले. जिना अंधारा होता. दादांचा हात कठड्यावर आणि दुसरा माझ्या खांद्यावर.

सूनबाईंनी आधी पापड आणि पाणी आणलं. सिंधी घरात पाहुण्याचं असंच करतात. पापड मोडल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. शेठनी माझ्या हातातली वही पाहिली.

"अजून लिस्ट बनवते तू?"

"हो शेठ."

"माझा नाव कुठल्या लिस्टमध्ये हाय? वसुलीच्या?"

"परवानगीच्या," मी म्हणाले आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग हिंदीवर आले. रागावले किंवा विचारात पडले की ते हिंदीवर येतात.

"मतलब मुफ्त में देना है. पूरी दुनिया को."

"हो."

"और दुनिया क्या देगी?"

दादा मध्येच म्हणाले, "शेठ, मना घरी बसाया देल. डोले गेलं माझं. आता उन्हाल्यात बारा गावं फिराचीत. ह्या झाला त नाय फिराची."

शेठनी दादांकडे नीट पाहिलं. दादा त्यांच्या डाव्या बाजूला जरा वर, भिंतीकडे बघत बोलत होते. शेठ तिथे बसलेलेच नव्हते. मला वाटतं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

"साईं," ते म्हणाले, "तू वायरमन था मेरा. सीढ़ी पे बिना पकड़े चढ़ता था." मग मला विचारलं, "कारखाने का नाम रहेगा?"

हे मला माहीत होतं. नियमांत वाचलं होतं. "राहील शेठ. हक्क तुमचेच राहतात. तुम्ही फक्त वापरायला परवानगी देताय. नाव प्रत्येक प्रतीबरोबर जाईल. जिथे जिथे ही प्रणाली बसेल, तिथे."

"फॅक्टरी बंद, और नाम चालू," ते म्हणाले आणि सुनेला चष्मा आणायला सांगितलं.

इथे माझी दुसरी चूक झाली, आणि ती मी अतिशय व्यवस्थितपणे केली. परवानगी हवी म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच चित्र उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी स्टॅम्प पेपर घेतला. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या टायपिस्टकडून मजकूर करून घेतला: मी खाली सही करणार, राहणार कॅम्प एक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की. शेठना खुर्चीसकट उचलून खाली आणलं. नोटरीने लाल गोल शिक्का मारला, वर तिकीट चिकटवलं, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. त्यातला एक साक्षीदार खालच्या पडद्यांच्या दुकानाचा मालक होता. त्याने सही करताना विचारलं, "प्लॉट कुठला आहे?" चाळीस फाइलींची नावं परिशिष्टात जोडली आणि प्रत्येक पानावर शेठची सही घेतली. सगळं स्कॅन करून बाईंना पाठवलं.

त्यांचं उत्तर दोन दिवसांनी आलं. एरवी त्या दुसऱ्या दिवशी लिहीत. त्यांनी लिहिलं होतं की इतका देखणा कागद त्यांना आजवर कोणी पाठवला नाही, तो त्यांनी घरात सगळ्यांना दाखवला आणि लाल शिक्क्याचा अर्थ काय हे कळलं तर आवडेल. पण त्यांना लागणार होती फक्त मालकांची एक मेल, दोन ओळींची. आणि फाइलींवरची ती ओळ बदलायला हवी होती.

शेठनी मेल नातीकडून पाठवली. दोन ओळी. तिसरी त्यांनी स्वतःची घातली: नाम सही लिखना.

चाळीस फाइलींची डोकी मी स्वतः बदलली. या वेळीही टिक केल्या.

जानेवारीच्या अखेरीस बाईंनी पॅकेज आत चढवलं. परवाने तपासणाऱ्या लोकांच्या रांगेत ते तीन आठवडे होतं. तिथूनही पुढे गेलं. आता शेवटची पायरी राहिली. संचाचे मोठे संगणक प्रत्येक पॅकेज मूळ फाइलींपासून स्वतः नव्याने बांधून बघतात आणि त्याच्यासोबतच्या चाचण्या चालवतात. सगळ्या पास झाल्या तर आत. दादांनी चाचण्या पूर्वीच लिहून ठेवल्या होत्या, एकशे सहा. आमच्याकडे त्या शेकडो वेळा पास झाल्या होत्या. मी वहीत त्या पायरीपुढे पेन्सिलीने टिकसुद्धा करून ठेवली होती. मी असं कधी करत नाही.

नापास झाली. एकच चाचणी. तीन हाकांना उत्तर नाही, तर भोंगा वाजला पाहिजे. भोंगा वाजला नाही.

बाईंनी स्वतःकडे चालवली, पास झाली. आम्ही चालवली, पास. बाईंनी पुन्हा बांधायला टाकली, पास. त्यांनी लिहिलं, कधी पास, कधी नापास, अशी चाचणी नापासापेक्षा वाईट. कारण शोधा. दारं बंद व्हायला अकरा दिवस आहेत.

दादांना पडद्यावरचं वाचता येत नव्हतं. अक्षरं कितीही मोठी केली तरी मधला भाग त्यांना धुरासारखा दिसायचा. कारण शोधायचं तर मलाच शोधायचं होतं, आणि मला येतं ते एकच. मी वह्या काढल्या. गेल्या काही वर्षांत लायब्ररीत बदल झाला की दादा चाचण्या चालवून मला फोन करायचे, "एकशे सा पास," आणि मी तारीख लिहायचे. कारखाना बंद झाल्यावरही ती सवय सुटली नव्हती. मी सगळ्या तारखा एका कागदावर उतरवल्या आणि पुढे वार लिहिले. सोमवार होते, बुधवार होते, बरेच रविवार होते. शुक्रवार एकही नव्हता.

बाईंची नापास झालेली चाचणी कोणत्या दिवशी चालली होती ते पाहिलं. शुक्रवार.

आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी असते. रविवारी नाही. वीज दुरुस्तीसाठी बंद ठेवतात ती शुक्रवारीच. माझी मुलं लहान असताना त्यांची शाळा रविवारी बंद आणि मी शुक्रवारी घरी, त्यामुळे वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांना फक्त संध्याकाळी पाहिलं. बुवापाड्यात, जिथे मी वाढले, तिथे लग्नाची बोलणीसुद्धा शुक्रवारी व्हायची, कारण दोन्हीकडचे बाप घरी सापडायचे. इतकं ते अंगवळणी पडलेलं. त्यामुळे शुक्रवारी चाचणी चालवायचं कोणाला सुचलंच नाही.

मी दादांकडे गेले. वहिनी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होत्या.

"दादा, लायब्ररीत शुक्रवारचं काही आहे का?"

"हाय ना," ते म्हणाले, जणू मी विचारलं होतं की चहात पाणी आहे का. "शुक्कारी लाईट नसतं. पंप गप असतो. तवा भोंगा वाजवाचा नाय. नायतर दर शुक्कारी बारा ठिकानी बोंब."

"हे जगात सगळीकडे जाणार आहे, दादा."

"मंग?"

"जगात सगळीकडे शुक्रवारी लाईट जात नाही."

मग वहिनीच हसल्या. "ताई, यांना वाटतंय पूर्ण दुनिया अंबरनाथला कामाला हाय."

बाईंना कळवलं तर त्यांनी एका ओळीत लिहिलं: शुक्रवार काढून टाका. दादांना वाचून दाखवलं. दादांनी मान हलवली, नाही म्हणून. सरळ नाही.

मला राग आला. नऊ दिवस उरले होते. मी म्हणाले, "एका ओळीसाठी एवढं सगळं वाया घालवणार?"

"एक ओल नाय ती. तू बग ना, बाय. शुक्कार काडला, त पयल्या शुक्कारी बारा भोंगं वाजतील. बारा मानसा मना फोन करतील. मी कायला जाईन? पंप ठीक हाय ह्या सांगाया? ज्याच्यासाठी चाल्लाय त्योच घोल परत माझ्या दारात."

त्यांचं बरोबर होतं. गेटवरच्या माणसाचं मी इतकं बघत होते की माल कुठे पोचणार ते विसरले होते. स्कूटर बंद करायची म्हणून हे चाललं होतं, आणि शुक्रवार काढला असता तर ती दर आठवड्याला बाहेर निघाली असती.

बाईंना मी मोठी मेल लिहिली. पंपघर म्हणजे काय, शुक्रवार म्हणजे काय, दादांचे डोळे, म्हैस, सगळं. खरं तर अशा मेलमध्ये हे लिहीत नाहीत. त्यांचं उत्तर त्याच दुपारी आलं. त्यांनी सुचवलं की सुट्टीचा वार ही सेटिंग करा. मुळात ती रिकामी असेल. चाचण्यांमध्येही रिकामीच ठेवा. ज्याला हवा तो आपला वार भरील.

"आनि भरल कोन?" दादांनी विचारलं. "पंपवाल्यांना फाइल उघडून लिवता येतंय का? परत मीच."

हे बाईंना विचारलं. थोडी कुरकुर करून त्यांनी सांगितलं की पॅकेज बसताना एक प्रश्न विचारता येतो. लोकांना ते आवडत नाही, शक्यतो कोणी करत नाही, पण इथे कारण दिसतंय. प्रश्न इंग्रजीत लिहा. भाषांतर द्याल तर तेही जोडता येईल.

मग आम्ही सहा दिवस रोज दुपारी बसलो. दादा खाटेवर, मी त्यांच्या लॅपटॉपसमोर, वहिनी दर तासाने चहा घेऊन. मी एकेक ओळ वाचायची, कंस, अर्धविराम, सगळं उच्चारून. दादा डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच हात वर करायचे. "थांब. तिथं. त्याच्याखाली लिव." मला अर्थ कळायचा नाही, चिन्हं कळायची. त्यांना चिन्हं दिसत नव्हती, अर्थ पाठ होता. एकदा मी एक कंस गाळला तर ते म्हणाले, "एक उघडा राह्यला," आणि राहिला होता. एका ठिकाणी त्यांची जुनी टीप सापडली. प्रोग्राममध्ये मराठीत लिहिलेली: शुक्रवारी गप्प बसावे. मी वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, "ती राहू दे." मी काढून टाकली. इतर लोकांना तिथे इंग्रजी टीप हवी होती. ती मात्र वहीत उतरवून ठेवली.

मराठी प्रश्न मी लिहिला. चार वेळा खोडून. शेवटी असा झाला: तुमच्याकडे साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते? खाली सात वार आणि आठवा पर्याय, सुट्टी नाही.

दारं बंद व्हायच्या दोन दिवस आधी पॅकेज पुन्हा बांधलं गेलं. योगायोगाने शुक्रवार होता. एकशे सहा पास. एकशे सातवी चाचणी दादांनी नवी लिहिली होती, सुट्टीच्या वाराची. तीही पास. बाईंनी दोनच शब्द लिहिले, 'आत गेलं', आणि शेठना नमस्कार कळवायला सांगितला. शेठकडे मी संचाच्या पानाची छापील प्रत घेऊन गेले. कारखान्याचं नाव कुठे आहे ते बोटाने दाखवलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि स्पेलिंग तपासलं.

एप्रिलमध्ये ठेकेदाराने पॅनलवर नवी प्रणाली टाकायला घेतली. रोज तीन गावं. इंजिनिअर ऑफिसमधून चालू करायचा, पंपघरातला माणूस समोर उभा राहून पडद्यावर येईल त्याला हो म्हणायचा. दादांच्या उजव्या डोळ्यावर त्या आठवड्यात पट्टी होती. मी बारा गावांची यादी घेऊन त्यांच्या अंगणात बसले होते. पहिला फोन साडेदहाला आला. वहिनींनी स्पीकर लावला.

"दादा, ही मशीन इचारतेय सुट्टी कवा. मराठीत इचारतेय! काय सांगू?"

"शुक्कार सांग."

"आन मग?"

"मंग काय नाय. जेव जा."

मी टिक केली. बाराच्या बारा जणांनी फोन केला. पडद्यावर मराठी प्रश्न आला म्हणून केला, की दादांना विचारल्याशिवाय पॅनलला हात लावायचा नाही ही जुनी सवय म्हणून, कोण जाणे. एकाने तर दाबून झाल्यावर केला.

त्या आठवड्याच्या शुक्रवारी मी मुद्दाम दादांकडेच होते. सकाळी नऊला भागातली वीज गेली. फोन गप्प होता. दहाला दादा म्हणाले, "बॅटरी हाय ना याची?" मी दाखवलं, आहे. साडेदहाला वाजला. एका गावात भोंगा चालू झाला होता. मागे तो ऐकूही येत होता. दाबून झाल्यावर फोन करणारा तोच माणूस.

"काय दाबलंस रे तू?" दादांनी विचारलं.

"रविवार."

"मी शुक्कार सांगितला ना?"

"दादा, मला सुट्टी रविवारची असते. मशीननं 'तुमच्याकडे' असं इचारलं. मी खरं ते सांगितलं."

वहिनी तोंडाला पदर लावून हसत आत गेल्या. दादांचा हात सवयीने खाटेच्या कडेला गेला. स्कूटरची चावी तिथे खिळ्याला असायची. स्कूटर मार्चमध्ये पुतण्याने नेली होती, खिळा रिकामा होता. हात तिथे थोडा थांबला आणि खाली आला.

"बरा," ते फोनमध्ये म्हणाले. "भोंग्याचा लाल बटन दाब आधी. ऐकू येव दे मना. आता सेटिंगमधी जा. सगल्यात खाली. काय दिसतंय ता वाच."

तो वाचू लागला, अडखळत, एकेक शब्द. दादांनी डोळे मिटले आणि हात वर करून ठेवला, योग्य जागा आली की थांबवायला.